नागनिका की नायनिका? भाचीच्या नावासाठी मदत हवी

हौशी आत्या

मंडळी, दादाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि तीन आठवडे झाले तरी माझी पाटी कोरीच आहे.

आजीने पंचांग उघडून निकाल दिला: अनुराधा नक्षत्र, पहिलं चरण, म्हणून 'ना' वरून. नायरा, नायशा, नाव्या एवढं सगळं वाचून दाखवलं. 'नाव्या' ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे नावाडी का गं?" तो कागद तिथेच चुरगळला.

वहिनीचं माहेर जुन्नरचं. तिच्या बाबांनी सुचवलं 'नागनिका'. सातवाहनांची राणी, नाणेघाटातला लेख वगैरे. मला ऐकताक्षणी आवडलं. दादाला 'नाग' नको. त्यात वहिनीचा भाऊ म्हणतो की दगडावर 'नायनिका' कोरलंय, नागनिका हे नंतरच्या विद्वानांचं. आता घरात दोन तट पडलेत आणि बारसं सव्वा महिन्याचं होताना करायचंय.

तर खरं नाव कोणतं? अर्थ काय? आणि मुख्य म्हणजे तुमच्या ओळखीत हे नाव असलेली जिवंत बाई कुणी आहे का?

उंटावरचा शहाणा

शाळेत मुलं पुंगी वाजवतील. दादाच्या बाजूने एक मत.

घाटवाटा

नाणेघाटात चार वेळा गेलोय, दोनदा वैशाखऱ्याकडून चढून आणि दोनदा जुन्नरकडून गाडीने (दुसऱ्या प्रकाराला आम्ही 'जाणं' म्हणत नाही). घाट चढून माथ्याजवळ आलं की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं भरलेली ती खोली. मोठा लेख तिथे आहे. पण नावाचा पुरावा पाहायचा तर समोरच्या भिंतीकडे बघा. तिथे आठ मूर्ती होत्या. आता मूर्ती नाहीत, काहींची फक्त पावलं शिल्लक आहेत. डोक्याच्या वर जिथे नावं कोरली होती त्यातली काही अजून वाचता येतात. पहिलं 'राया सिमुक सातवाहनो सिरिमातो'. दुसरं 'देविय नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. म्हणजे देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, दोघांची जोडीने एक पाटी, आणि त्यात आधी तिचं नाव.

वहिनींचा भाऊ बरोबर आहे. 'य' आहे.

स्पष्टवक्ती

राग मानू नका, पण कुणीतरी बोलायला हवं. 'नागनिका' जरा घाईत म्हणून बघा. 'ना-गणिका'. आपल्याकडे न आणि ण यांची सरमिसळ करणारे काही कमी नाहीत. मुलगी मोठी होऊन मराठीच्या तासाला 'गणिका' शब्द शिकली की काय वाटेल तिला?

उंटावरचा शहाणा

@स्पष्टवक्ती, 'ना गणिका' म्हणजे गणिका *नसलेली*. उलट प्रमाणपत्रच झालं.

स्पष्टवक्ती

शहाणे, तुम्ही उंटावरच बसा.

पाटीपेन्सिल

नाणेघाटाची पाटी प्राकृतात आहे, आणि प्राकृताला दोन स्वरांच्या मधला 'ग' फार वेळ तोंडात ठेवायला आवडत नाही. तो मऊ होतो, 'य' होतो, कधी पार गळून जातो. नगरचं णयर किंवा णअर, सागरचं सायर. नागनिकाचं नायनिका हे त्याच रांगेतलं. म्हणजे नावं दोन नाहीत. एकाच नावाचे दोन उच्चार आहेत, जसं कुणाला कागदावर लक्ष्मी आणि घरात लक्षुमी म्हणावं.

घाटवाटा यांनी दिलेली पहिली पाटी पुन्हा वाचा: 'राया सिमुक'. राजाचा 'राया' झालाय. तोच 'राया' आपल्या लावणीत अजून नांदतो आहे. त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर, नागनिकेची नायनिका झाली तर त्यात नवल ते काय.

आणि गंमत म्हणजे वहिनीच्या माहेरच्या गावाच्या नावातही हेच घडलंय. जुन्नर म्हणजे जुनं नगर, जीर्णनगर. त्या 'नगर'मधला 'ग' कुठे गेला? अमळनेर, पारनेर यांतला जिथे गेला तिथेच. जुन्नरच्या मुलीच्या मुलीला 'ग' गळलेलं नाव शोभेल, एवढंच म्हणते.

अर्थ 'नाग' वरून. संस्कृतात नाग म्हणजे साप आणि नाग म्हणजे हत्तीसुद्धा. दादांना सांगा, हत्ती समजा.

हौशी आत्या

@पाटीपेन्सिल, 'राया' चं वाचून वहिनीच्या अंगावर काटा आला म्हणाली. दादाला हत्तीचं सांगितलं. तो म्हणाला, "मुलीला हत्ती म्हणायचं?" या माणसाचं काय करू!

दोन ओव्यांची आई

मुद्दा वेगळा, पण अनुभवाचा. अकरा वर्षांपूर्वी 'कुणाचंच नाही असं' म्हणून मी मुलीचं नाव ओवी ठेवलं. बालवाडीत पहिल्या दिवशी बाईंनी हाक मारली तर तीन मुली उठल्या. तेव्हापासून ती ओवी जे., आणि तिची जिवलग मैत्रीण ओवी के. दोघी सदानकदा आमच्याच घरी, म्हणून हे टोपणनाव.

सई, स्वरा, आर्या, ईरा, सगळ्यांचं हेच झालं. चार अक्षरांच्या आतलं, जोडाक्षर नसलेलं, शेवटी आकार किंवा ईकार असलेलं, परदेशी जिभेलाही झेपणारं नाव आज दुर्मिळ असेल तर उद्या नसणार. त्यातून मालिकेतल्या नायिकेला मिळालं की संपलंच. नागनिकाला ही भीती नाही. चार अक्षरं, इतिहासाचा वास, आणि 'नाग'. निर्धास्त ठेवा, वर्गात एकटीच असेल.

परदेशी पोपट

'परदेशी जिभेलाही झेपणारं' यावरून. इथे माझ्या मुलीच्या 'मृण्मयी' चे जे हाल चाललेत ते बघता नायनिका म्हणजे लोण्यासारखं आहे. फक्त रोमन लिपीत 'आ' कसा दाखवणार ते आधीच ठरवा. एक 'ए' लिहिलात की झाली नयनिका.

मी पण नायनिका

हा धागा मैत्रिणीने पाठवला. अनेक वर्षं फक्त वाचनमात्र होते, आज खास लॉगिन केलं. हौशी आत्या, जिवंत बाई हजर आहे. वय ३४.

माझे बाबा इतिहासाचे शिक्षक. नाव त्यांनीच ठेवलं, आईचा विरोध असताना. आता अनुभव ऐका. पहिलीत हजेरीपटावर 'नयनिका'. बाबा जाऊन दुरुस्त करून आले. दुसरीत 'नैनिका'. पुन्हा दुरुस्त. चौथीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या कागदावर 'नायिका' आलं तेव्हा बाबांनीही हात टेकले. लोकांना वाटतं मी माझंच नाव चुकीचं लिहिते. समोरचा माणूस अत्यंत प्रेमाने, न विचारता, काना काढून टाकतो. "छान नाव आहे, सुंदर डोळ्यांची ना?" मला चष्मा आहे, उणे सहा.

लहानपणी मी बाबांना खूप बोलले यावरून. मला पूजा व्हायचं होतं. वर्गात पाच पूजा होत्या आणि त्यांची एक टोळी होती.

मग नववीत ते मला नाणेघाटात घेऊन गेले. पावसाळा नुकताच संपला होता, खोलीत अंधार, भिंत ओली. त्यांनी बोट ठेवायच्या बेताने, पण न टेकवता, एक एक अक्षर दाखवलं. ना, य, नि, का, य. शेवटचा 'य' विभक्तीचा, म्हणाले. मी ब्राह्मीतला 'ना' पाहिला: खाली आडवी रेघ, वर उभी, आणि डोक्यावर उजवीकडे एक बारीकशी काडी. ती काडी म्हणजे काना. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाने माझा काना विसरला नव्हता, आणि आमच्या शाळेतल्या लोकांना तो दिसत नव्हता!

त्यानंतर मी पूजा व्हायचं म्हटलं नाही. पण खरं सांगते, तुमच्या भाचीला प्रत्येक खिडकीवर "न ला काना" सांगावं लागेल. ते मान्य असेल तरच ठेवा.

कुसुंबी

@मी पण नायनिका, काय सुंदर लिहिलंय. वाचनमात्र राहू नका हो.

उंटावरचा शहाणा

पुंगीवाला प्रतिसाद मागे घेतो.

व्यासपीठ

या राणीबद्दल प्रत्येक मराठी माणसाला माहिती हवी. जगातली पहिली स्त्री जिने राज्य केलं आणि नाण्यावर स्वतःचं नाव टाकलं. कालच एक संदेश आला होता, खाली चिकटवतो…

मोडीवाला

संदेश नका चिकटवू, कृपा होईल.

'जगातली पहिली' असं काही नाही. इजिप्तच्या राण्या त्याआधी राज्य करून गेल्या. आपल्या राणीला उसनं मोठेपण लागत नाही. जे आहे तेच पुरेसं आहे. सातकर्णी गेल्यावर मुलं लहान असताना कारभार तिने पाहिला असं बरेच अभ्यासक मानतात. तो मोठ्या लेखावरून काढलेला निष्कर्ष आहे, कुठे सरळ 'मी राज्य केलं' असं वाक्य नाही. लेखाचा बराच भाग झिजलाय. त्यात एका महारठीची (म्हणजे मोठ्या सरदाराची) मुलगी, राजपुत्रांची आई, महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी असं तिचं वर्णन आहे. 'गहतापसा' असा शब्द आहे. चांदीच्या काही नाण्यांवर राजाच्या जोडीने तिचं नाव वाचलं गेलंय, आणि तेही जुन्नरच्या परिसरात मिळालेल्या.

काळाबद्दल दोन मतं. जुने अभ्यासक इ.स.पू. दुसऱ्या शतकात नेतात, नंतरचे बरेच जण पहिल्या शतकात. 'दोन हजार वर्षं' म्हटलं की भांडण नाही.

घाटवाटा

मोडीवाल्यांना अनुमोदन. भर एवढीच की १८२८ मध्ये विल्यम साइक्सने या लेण्याची दखल घेतली आणि पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेख लावला. तोवर घाटातून जाणारी येणारी माणसं, बैल, सगळे या नावासमोरून जात होते आणि कुणालाच ते वाचता येत नव्हतं. कल्याण-सोपाऱ्याहून पैठणकडे जाणारा माल याच वाटेने. बाहेर तो दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणतात तो, त्यात माझ्या पुतण्याने चिप्सचं पाकीट टाकलं होतं. बाहेर काढायला लावलं.

आकडेमोड

लेखात यज्ञांची यादी आणि दक्षिणेचे आकडे आहेत. दोन अश्वमेध, एक राजसूय, आणखी कितीतरी. एके ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती. आपल्याकडचे अगदी जुने अंक पाहायचे तर हा लेख लागतोच. मात्र त्यात शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. त्यामुळे १७०० लिहायला दोन शून्यं नव्हे, हजाराची आणि सातशेची खूण.

बारशाला आत्याकडून काय येणार ते विचारत नाही.

हौशी आत्या

@आकडेमोड, चांदीचा वाळा येणार. गाई बसत नाहीत सोसायटीत.

बोरूबहाद्दर

उशिरा आलो. वरचा गणिकेचा मुद्दा कुणी नीट खोडला नाही म्हणून लिहितो.

'-निका' हा त्या काळच्या मुलींच्या नावांचा नेहमीचा शेवट दिसतो, त्याचा 'गणिका'शी काही संबंध नाही. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. तिथल्या एका लेखात एका भिक्षुणीने लेणं दान दिल्याची नोंद आहे. तिचं नाव पदुमनिका. पदुम म्हणजे पद्म, म्हणजे कमळ. त्याला '-निका' जोडलं. आणि ती स्वतःची ओळख कशी देते? भिक्षुणी नागनिकेची मुलगी.

म्हणजे एक नागनिका घाटमाथ्यावर यज्ञ करणारी राणी, आणि दुसरी कोकणात मुंडन करून राहिलेली भिक्षुणी. आज आपल्याला हे नाव 'राजघराण्यातलं' वाटतं, तेव्हा तसं काही नसावं. कमळाची कमळी करावी तशी नागाची नागनिका. लाडाचं, घरगुती वळणाचं.

स्पष्टवक्ती

@बोरूबहाद्दर, हे माहीत नव्हतं. माझा आक्षेप अर्थाला नव्हताच, कानाला होता, आणि कानाला तो अजून आहे. पण पदुमनिका फारच गोड आहे हो. 'प' वरून कुणी असेल तर हे घ्या.

कुसुंबी

भिक्षुणीने आईच्या नावाने ओळख सांगावी हे वाचून थबकले. आपल्याकडे आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं झालं ना? स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सातवाहनांनी तर ते कधीच केलं होतं. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी.

व्यासपीठ

म्हणजे सातवाहन मातृसत्ताक होते!

मोडीवाला

नव्हते. गादी बापाकडून मुलाकडेच जायची. शिवाय गौतमी हे त्या राणीचं नाव नव्हे, गोत्रावरून आलेली ओळख आहे. तिचं स्वतःचं नाव बलश्री, ते नाशिकच्या पांडवलेण्यातल्या तिच्याच लेखामुळे आपल्याला कळतं. म्हणजे मुलाच्या नावात आई आली तीही गोत्र होऊन.

कुसुंबी

हो, पण आली ना. माझ्या सासूबाईंचं लग्नाआधीचं नाव मला त्या गेल्यावर एका जुन्या दाखल्यावर कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्नात नाव बदललं, मग आई, मग आजी, आणि मूळचं नाव ट्रंकेत. त्यामुळे भिंतीवर 'देवी नायनिका' असं नवऱ्याच्या आधी कोरलेलं ऐकलं की मला बाकीचे यज्ञबिज्ञ दिसत नाहीत.

उंटावरचा शहाणा

काय नाव होतं?

कुसुंबी

सारजा.

दोन ओव्यांची आई

सारजा! किती छान. आज ठेवलं तर पाच वर्षांत वर्गात तीन असतील.

तर्कट

मला एक कळत नाही. नाव 'ना' वरूनच का? अक्षर नक्षत्रावरून येतं तसं ज्यांना हवं त्यांनी पाळण्यात ठेवावं, कागदावर काहीही ठेवावं. माझं पाळण्यातलं नाव 'ढ' वरून आहे. सांगणार नाही.

उंटावरचा शहाणा

ढब्बू.

तर्कट

धागाकर्तीला एक व्यवहाराची गोष्ट. घाई करू नका. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवायही होते. बारा महिन्यांच्या आत नाव नोंदवलं तर शुल्क नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येतं. भांडायला भरपूर वेळ आहे.

हौशी आत्या

मंडळी, बारसं झालं. सविस्तर लिहिते.

आदल्या रात्रीपर्यंत निर्णय नव्हता. दादा 'नाग' वर अडलेला, वहिनी 'नागनिका' वर, कारण तिच्या बाबांनी तेच सुचवलं होतं. मी सगळ्यांना बसवून 'मी पण नायनिका' यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. काना दाखवणाऱ्या काडीपाशी आले तेव्हा वहिनीचे बाबा उठून गॅलरीत गेले. परत आले ते म्हणाले, "य च बरोबर. मी उगाच ग धरून बसलो होतो." दादा म्हणाला, "मग माझी काहीच हरकत नाही." तीन आठवडे याच माणसाने रडवलं होतं!

तर कानात 'नायनिका' असं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत पाठीवर धपाटे पडले, तेही यथासांग. आजीला पूर्ण नाव म्हणायला जमत नाही. तिने पहिल्या दोन मिनिटांतच 'नानी' करून टाकलं. घरात आता सगळ्यात लहान माणसाला सगळे नानी म्हणतात.

काल दादा नाव नोंदवून आला. नमुना अक्षरन् अक्षर तपासून दिला होता. छापून आलं त्यावर 'नयनिका'. सोमवारी परत जायचंय.

मी पण नायनिका

स्वागत आहे. बाबांना फोन करून सांगितलं, त्यांनी विचारलं, "काना टाकला ना त्यांनी?" मी हो म्हणाले. सोमवारचं त्यांना सांगत नाही.

पाटीपेन्सिल

आत्याबाई, अभिनंदन. दादांना म्हणावं, सोमवारी जाताना पाटीचा फोटो घेऊन जा. खिडकीतल्या माणसाला ब्राह्मी येत नसेल, पण दगड दाखवला की लोक जरा दबकतात.

उंटावरचा शहाणा

पुढच्या खेपेला मुलगा झाला तर त्याच भिंतीवर बाकीची नावं आहेतच. कुमार भायल, कुमार हकुसिरि. आणि 'त' वरून आलं तर महारठी त्रणकयिरो.

हौशी आत्या

दादाला आत्ताच वाचून दाखवलं. तो म्हणतो, एकच पुरे.